वादी हजर

मत्राहच्या बाजारात पहिल्याच दिवशी शंबे म्हणाला,
ही गल्ली नाही, वादी आहे.
मी विचारलं, वाडी?
आमच्याकडे वाडी म्हणायला निदान आठ घरं,
एक विहीर आणि अकरा भांडणं लागतात.
तो हसला. हातगाडी टेकवली,
आणि ओंजळ तिरकी करून
डोंगराकडून बंदराकडे
नसलेलं पाणी ओतून दाखवलं.

कोरडी नदी. तिच्या पात्रात दुकानं.
डावीकडे लोबान, सुकी लिंबं, भरतकामाच्या टोप्या,
उजवीकडे चांदी, आणि चांदीसारखं बरंच काही.
मधून माणसं,
पाण्याला जायचं असतं तिकडेच निघालेली.

त्याआधी सात वर्षं मी चिपळूणच्या कोर्टात
दिवाणी दाव्यांना दोरे ओवत होतो.
माझ्या लेखी वादी एकच:
जो उंबऱ्यावर येऊन म्हणतो, ही जागा माझी.
म्हटलं, बरोबर आहे.
फक्त तारीख लागलेली नाही.

मुर्तदा शेठ सांगतात तो इतिहास
दर वेळी थोडा वेगळा असतो.
वर झावळ्यांचं छप्पर, इतकं दाट
की भर दुपारी कंदील लावून
कापडाचा रंग गिऱ्हाइकाला पटवावा लागे.
दाखवावा नव्हे, पटवावा, हे त्यांचंच म्हणणं.
पणजोबा सिंधेतून आले की आणखी कुठून,
यावर घरात दोन तट.
शेजारी मांडवीच्या लधाभाईंचं दुकान,
दोघांत एकच तराजू,
आणि त्यावरून चाळीस वर्षं अबोला.
तराजू मात्र रोज सकाळी इकडे, दुपारनंतर तिकडे.
नेणारा पोरगा, शंबेचा आजा.

जुवैना टोप्या भरते. एका टोपीला दोन महिने.
भाव केला की ती सुई खाली ठेवते,
बोलत नाही. माणूस आपणहून पैसे काढतो.
इथे रागावणं म्हणजे आवाज खाली आणणं.
इथे उधारी मागत नाहीत, चहा पाजतात.
तिसऱ्या चहाला माणूस ओळखून जातो.

मग मार्चमधला एक मंगळवार.
आमच्यावर ढगही नव्हता,
डोंगरामागे कुठेतरी पडून गेला होता.
शंबे ओरडला, वादी!
मी सवयीने उठून उभा राहिलो,
कोर्टात राहतात तसा.

ती आली. गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी,
पायताणं, मापं, एक शेळी
आणि सगळ्या बाजाराचा धूप घेऊन
बंदरात उतरली. तासाभरात आटोपलं.
कुणी तिला शिवी दिली नाही.
लधाभाईंचा नातू फळ्या पुसत म्हणाला,
आपण भाडेकरू. मालकीण बघून गेली.

वही गेली. माझ्या हातची,
शाई सुटून निळा लगदा झालेली.

दुसऱ्या दिवशी माणसं आली.
कुणी बोलावलं नव्हतं.
माझे सत्तावीस रियाल, लिही.
माझे नऊ, आणि एक पोतं, तेही लिही.
जुवैना म्हणाली, चार. मला आठवत होते तीन.
मी चार लिहिले. तिच्याशी कोण भाव करणार?
आठवड्यात खातं भरलं,
पूर्वीपेक्षा चाळीस रियालांनी जास्तच.

त्यात एक नोंद नाही.
शंबेचे बारा रियाल,
बहिणीच्या बाळंतपणाला मी घेतलेले,
माझ्याच अक्षरात मांडलेले.
लेखणी हातात होती. तो समोर उभा होता,
गाडीचं चाक धुऊन, ओल्या हातांनी.
मी पान उलटलं.

त्याने मागितले नाहीत.
तेव्हापासून रोज चार वाजता
तो माझ्यासाठी चहा आणतो,
आलं ठेचून, साखर बेताची,
चिपळूणला करतात तसा.